आगरात उतरलेली पाहुणी

आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत सध्या दोन आफ्रिकी मुलं भाड्यानं राहतात. महापेच्या बाजूला कुठल्याशा कॉलेजात शिकतात, रात्री उशिरापर्यंत भात शिजवतात आणि मला पाहिलं की दोन्ही हात जोडतात. ती नवीन आली तेव्हा एकानं जिन्यात मला थांबवलं आणि शिकाऊ हिंदीत विचारलं, "आजी, इधर देखने का क्या है?" त्याच्या हातात कॉलेजनं नवागतांसाठी छापलेलं गुळगुळीत पत्रक होतं. त्यात मॉल होता, तलावाकाठची बाग होती, खाडीतल्या गुलाबी पक्ष्यांचं छायाचित्र होतं. मी ते पत्रक चष्मा लावून वाचलं आणि त्याला परत दिलं. ती बाग आज जिथं आहे तिथं कधीकाळी माझ्या बापाचे पाय राबत होते, हे त्या मुलाला जिन्यात उभ्याउभ्या कसं सांगणार? पण पाहुण्याला आपलं गाव म्हणून काय दाखवायचं, हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा दिलं होतं, आणि त्याची किंमतही चुकती केली होती.

तेव्हा घणसोली म्हणजे खाडीच्या कुशीत दाटीवाटीनं बसलेली कौलारू घरं, मागे भाताची खाचरं आणि पुढे दिसेल तिथवर मिठागरं. आम्ही त्यांना नुसतं आगर म्हणायचो. आमचं घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला होतं. पहाटे जाग यायची ती कोंबड्यानं नव्हे, तर पाण्याच्या आवाजानं. भरती चढू लागली की दूरवर कुणीतरी रेशमी कापड हळूहळू ओढत आणावं तसा आवाज यायचा. ओहोटीला त्याच चिखलातून असंख्य बारीक बुडबुडे फुटायचे आणि सगळा किनारा स्वतःशी पुटपुटत असल्यासारखा वाटायचा. वाऱ्याला खारट, किंचित कुजकट, तरीही भूक लावणारा वास असायचा. आई मी कळती व्हायच्या आतच गेली होती. घर जनाआत्या चालवायची. ती बाबांची थोरली बहीण, नवऱ्यामागे माहेरी परतलेली, आवाजानं आणि हातानं सारखीच जड. तिच्या चुलीवरच्या तांदळाच्या भाकरीला कडेनं पातळ, कुरकुरीत पापुद्रा सुटायचा. चिखलातल्या निवट्या, ओहोटीला उड्या मारणारे ते बोटभर मासे, पकडून आणल्या की ती त्या राखेनं चोळून स्वच्छ करायची आणि लसूण ठेचून, चिंचेचा कोळ घालून असं कालवण करायची की शेवटचा घास संपल्यावरही बोटं चाखत बसावं. बाबा आगरात काम करायचे. आगर दुसऱ्याचं, पाय आमचे. त्यांच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की लहानपणी मला वाटायचं, खाडीचा नकाशा कुणी तिथं काढून ठेवला आहे.

अशा घरातून मी खाडीपलीकडच्या कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले आणि मराठी कविता शिकले. हे घडवून आणणाऱ्या एकट्या आमच्या बाई. त्या कॉलेजात कविता शिकवायच्या आणि वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मला काहीतरी वाचायला सांगितलं आणि माझं वाचन ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "हिला खोली द्या. हा आवाज रोज खाडी ओलांडण्यात वाया जाता कामा नये." माझ्यासाठी त्या साक्षात भाषा होत्या. पांढरी खादी नेसायच्या, केसात एकही फूल नसायचं, आणि कवितेची ओळ म्हणताना शेवटचा शब्द ओठांवर क्षणभर असा धरून ठेवायच्या की वर्गातल्या मुलींचा श्वासही तेवढाच थांबायचा. मातीवरच्या कविता शिकवताना त्यांचे डोळे भरून यायचे. ते अश्रू खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही.

त्या वर्षी परदेशातून शिष्यवृत्तीवर मुली येऊ लागल्या. आमच्या वसतिगृहात दोघी आल्या. ग्रेस केनियाच्या डोंगराळ भागातली. उंच, सावकाश चालणारी; हसताना तोंडावर हात घ्यायची आणि खांदे मात्र गदगदा हलायचे. तिच्या देशात अजून इंग्रजांचाच अंमल होता आणि ती आपल्या झेंड्याचे रंग कोणते असतील याबद्दल जेवताना वाद घालायची. दुसरी इंदू, मॉरिशसची. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. ती मोजकी मराठी बोलायची, इस्त्रीची साडी नेसायची आणि हातरुमालाला अत्तर लावायची. या पाहुण्यांना काय काय दाखवायचं हे ठरवण्यासाठी बाईंनी आम्हा मुलींची एक समिती नेमली. संग्रहालय, राणीचा बाग, दुधाची वसाहत, खादीचं दुकान, एखादं देऊळ अशी नावं निघाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आमचं आगर. दिवाळीच्या सुमारास तिथं जमीन तुडवतात, ते बघण्यासारखं असतं."

 मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "पाहुण्यांना चिखल दाखवणार? पास काढून की फुकट?" आणि हशा पिकला. बाईही हसल्या; दुष्टपणे नाही, लेकराच्या हट्टावर हसावं तशा. "सुमन," त्या म्हणाल्या, "या मुली परत जाऊन आपल्या देशाबद्दल चार लोकांत बोलणार आहेत. त्यांना आपण काय घडवतो आहोत ते दिसू दे. कशातून बाहेर पडतो आहोत ते कशाला?" मी खाली बसले. पण त्या वाक्यातलं 'कशातून' माझ्या मानेवर बसलेल्या माशीसारखं दिवसभर उठेना. त्या 'कशातून' मध्ये माझे बाबा होते, आत्या होती, आमची चूल होती.

दिवाळीच्या सुटीत वसतिगृह रिकामं झालं. स्वयंपाकीणबाई गावी गेल्या, खाणावळ बंद झाली. ज्या पाहुण्यांसाठी समिती बसली होती त्या दोघी खोलीत पाव आणि केळी खात बसल्या होत्या, कारण सुटीत त्यांना जेवायला कोण घालणार हे ठरवायचं समितीला सुचलंच नव्हतं. मी बाईंकडे जाऊन विचारलं, "दोघींना माझ्या घरी दिवाळीला नेऊ का?" बाईंचा चेहरा उजळला. "जरूर ने. घरगुती दिवाळी बघतील. अंधार पडायच्या आत परत." त्यांच्या डोळ्यांपुढे रांगोळी, निरांजन, चकलीचं ताट असणार. आमच्या घरी दिवाळी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही.

सकाळच्या भरतीला आम्ही होडीनं खाडी ओलांडली. ग्रेसनं सगळा वेळ एक हात पाण्यात सोडला होता आणि मधूनच बोट जिभेला लावून बघत होती. इंदूनं साडीचे काठ वर धरले होते. होडी लागली तेव्हा आत्या धक्क्यावरच उभी होती, कमरेवर हात ठेवून. तिच्यामागे निम्मा गाव.

"अगो, कवरी उंच ती!" कुणीतरी पुटपुटलं.

शेजारची पारूकाकी पुढे झाली. तिनं ग्रेसचा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि मनापासून काळजीनं विचारलं, "काय गो पोरी, उन्हान लय काम करतंस काय?"

"तुजा दादला हिच्यापक्षी काला हाय," आत्या कडाडली. "त्याला जाऊन इचार आदी!"

सगळा धक्का हसला. पारूकाकीसुद्धा हसली, तिचा नवराही. ग्रेसनं मला काय झालं म्हणून विचारलं. मी शब्द न् शब्द सांगितला. मला लपवायचं नव्हतं. तिचा तोंडावर हात गेला आणि खांदे हलू लागले. "तुझ्या आत्याला सांग," ती इंग्रजीत म्हणाली, "माझी मावशी अगदी अशीच आहे. तिलाही गावात सगळे घाबरतात." मी सांगितलं. आत्याला ते इतकं आवडलं की तिनं ग्रेसच्या पाठीवर एक थाप दिली आणि दिवसभर तिच्याशी आमच्या बोलीतच बोलत राहिली, जणू मोठ्यानं बोललं की केनियापर्यंत पोचतंच.

जेवण आधी झालं. निवट्यांचं कालवण, भाकरी, सुकटीची चटणी. इंदूनं भाकरी आणि दही खाल्लं; ग्रेसनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "ही पोर शिकलेली वाटत नाय. नीट जेवतं." मग आम्ही आगरात गेलो.

आता त्या जागी उंच इमारती आहेत आणि त्यांच्या तळघरात मोटारी झोपतात, म्हणून थोडं सांगावं लागेल. पावसाळ्यात आगर गोड्या पाण्याखाली असतं. पाऊस संपला की ते पाणी काढून टाकतात आणि वाफ्यांची जमीन नव्यानं घडवतात. कारण भुसभुशीत जमिनीवर मीठ धरलं तर त्यात चिखल मिसळतो आणि मीठ काळपट होतं. ही जमीन दगडासारखी टणक आणि काचेसारखी सपाट व्हायला हवी. त्याला यंत्र नव्हतं. होते ते माणसांचे पाय. गावातली बाया-माणसं हातात हात गुंफून, वाफ्याच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लांब रांग धरायची आणि टाच आपटत, मग चवडा दाबत, हळूहळू पुढे सरकायची. टाच, चवडा. टाच, चवडा. रांगेच्या एका टोकाला कुणीतरी गाण्याची ओळ उचलायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो तिला चार नवे शब्द चिकटायचे. दुरून पाहिलं तर एखादं प्रचंड जनावर आपल्या असंख्य पायांनी धिम्या गतीनं जमीन हुंगत चाललंय असं वाटे. पायांखाली चिखल आधी थंडगार आणि सैल लागायचा, बोटांच्या बेचक्यांतून वर यायचा. मग दिवसांमागून दिवस तो आवळत जायचा, आणि एके सकाळी टाच आपटली की खालून भरीव आवाज उमटायचा. तो आवाज ऐकला की बाबांचा चेहरा सणासारखा व्हायचा. आमची दिवाळी ती.

ग्रेसनं बांधावर उभं राहून थोडा वेळ पाहिलं आणि चपला काढल्या. "आमच्याकडे नवं घर बांधलं की बायका आतली जमीन अशीच तुडवतात," ती म्हणाली. "मी येऊ?"

मी बाबांकडे पाहिलं. ते चपापले. "पाहुनी हाय ती. सरकारची हाय ना?" आत्यानं मात्र रांगेत आपल्या आणि माझ्यामध्ये जागा केली होती. "येऊंदे. फक्त तिला सांग, एकदा हात धरला का पलीकडच्या बांदापर्यंत रांग मोडाची नाय. मदी तुटली त जमीन कच्ची ऱ्हातंय, मीठ तिथंच फुटतंय." मी ते ग्रेसला इंग्रजीत सांगितलं. ती गंभीरपणे मान हलवून खाली उतरली.

इंदू उतरली नाही. आत्यानं दोनदा हाक मारली तेव्हा ती बांधावरून, तिच्या मोजक्या मराठीत, स्पष्ट म्हणाली, "माझा पणजोबा चिखलातून वर आला. मी परत नाही जाणार." त्यावर कुणी हसलं नाही. बाबांनी तिच्यासाठी गोणपाटाची घडी आणून बांधावर टाकली. ती त्यावर पाय दुमडून बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. तिचं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं नाही; आज वाटतं की तिचंही बरोबर होतं, फक्त ते तिचं होतं.

रांग निघाली. ग्रेसला ताल पकडायला वेळ लागला नाही. आमचं गाणं संपलं तेव्हा तिनं स्वतःच्या भाषेतलं काहीतरी उचललं, खोल आणि घोगरं. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण टाचेला ते नेमकं बसत होतं, आणि दुसऱ्या फेऱ्याला अख्खी रांग तिच्यामागे ते चुकीचं म्हणू लागली. वाफ्याच्या मध्यावर तिच्या बोटांनी माझी बोटं एकदम आवळली. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत गात होती, फक्त आवाज थोडा वर चढला होता. मला वाटलं आनंदानं. रांग बांधाला टेकली, हात सुटले, आणि ती खाली बसली. तिच्या उजव्या पायाच्या तळव्यात कालवाचं शिंपलं रुतलं होतं. उरलेला अर्धा वाफा ती त्यावरून चालत आली होती.

"अगो येडे, थांबाचं ना!" आत्या किंचाळली. "आमी थांबतों की! पोर रडलं तरी थांबतों, तंबाकू खावाला थांबतों!"

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा ग्रेस दुखण्यानं ओठ चावत असूनही हसली. "पण तूच म्हणालीस ना, मोडायची नाही? तुमचं मीठ माझ्यामुळे फुटायला नको होतं." तिनं आमचा नियम आमच्याहून जास्त पाळला होता. गावातल्या माणसाला नियम सांगतानाच त्याच्या पळवाटाही कळतात. पाहुण्याला नुसता नियम मिळतो.  बाबांनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, चिमटीनं शिंपलं ओढलं, स्वच्छ पाण्यानं जखम धुतली, आत्यानं हळद दाबली, आणि पारूकाकीनं आपल्या नव्या लुगड्याचा पदर, दिवाळीचा, टर्रकन फाडून पट्टी बांधली. अंधारापूर्वी आम्ही परतलो. जाताना बाबांनी ग्रेसला पाठीवर घेऊन होडीपर्यंत नेलं. एवढ्या उंच मुलीला. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यांखाली लोंबत होते आणि सगळा गाव मागून येत होता.

तिसऱ्या दिवशी ग्रेसचा पाय सुजला, ताप भरला, डॉक्टर आले. बाईंनी विचारलं तेव्हा इंदूनं जे घडलं ते सांगितलं, न वाढवता, न लपवता. सुटी संपून मुली परतल्या आणि बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर उघडा कवितासंग्रह होता. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं त्याची पानं आपोआप उलटत होती.

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

"नाही बाई. मी घरी नेते म्हणाले. घरीच नेलं."

"आगर हे घर आहे?"

"आमचं आहे."

 त्या रागावल्या नव्हत्या. दुखावल्या होत्या, आणि ते मला जास्त लागलं. "परवानगी देताना मी विश्वास टाकला होता. ती मुलगी दुसऱ्या देशाची आहे, तिचा पाय गेला असता तर? उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून तुला सांगावं लागेल. पाहुण्यांना अयोग्य जागी नेलं, ही माझी चूक झाली. एवढंच. मग हा विषय मी मिटवते."

"मी विचारून घ्यायला हवं होतं, हे सांगेन. ग्रेसला इजा झाली, त्याची माफी मागेन, शंभरदा मागेन. जागा अयोग्य होती असं म्हणणार नाही."

"सुमन, त्याच वाक्याला अर्थ आहे. बाकीचं मला नको. त्या दोघींना कळू दे की हा देश त्याच्या पलीकडे निघाला आहे."

"बाई, देश पलीकडे निघाला असेल. माझे बाबा तिथंच उभे आहेत."

"मग वसतिगृहातली जागा मला काढून घ्यावी लागेल. नियम आहे आणि तो तुझ्यासाठी मोडला तर सगळ्यांसाठी मोडेल." त्यांनी उघडा कवितासंग्रह मिटला. "माझ्यावर ही वेळ आणू नकोस."

संध्याकाळी ग्रेस लंगडत माझ्या खोलीत आली. ती स्वतः बाईंकडे जाऊन आली होती, आपण आपल्या इच्छेनं उतरलो हे सांगायला. बाईंनी तिचा गाल कुरवाळून तिला परत पाठवलं होतं. "मी पाहुणी आहे म्हणून माझं खरं धरत नाहीत," ती म्हणाली. "तू म्हणून टाक. मला राग नाही येणार." मी म्हटलं, "तुला नाही येणार. पारूकाकीला येईल." ती माझ्या खाटेवर बसून राहिली.  तिच्या पायावरच्या पट्टीखालून हळदीचा वास येत होता, डॉक्टरांनी दिलेल्या मलमातूनही वर येणारा.

प्रार्थनेनंतर मी उभी राहिले. शंभर मुली, उदबत्तीचा धूर, पुढे बाई. मी म्हणाले, "ग्रेसला जखम झाली, त्याबद्दल मी तिची आणि बाईंची क्षमा मागते. मी तिला आमच्या आगरात नेलं होतं. तिथं आमची माणसं मीठ पिकवतात. ती जागा चांगली आहे." आणि बसले. मागे कुणीतरी खोकलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

बाबांना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले, टोपी हातात. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. खरं सांगायचं तर फार आर्जवानं. माझं वाचन, माझी बुद्धी, माझं पुढचं आयुष्य, आणि त्यासमोर फक्त एक वाक्य. बाबा ऐकत होते. मला वाटलं होतं, बाबा आता ताठ होतील, काहीतरी असं बोलतील की मला आयुष्यभर मिरवता येईल. ते मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बोल ना गो एकदा. तोंडाला काय लागतंय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अयोग्य त अयोग्य. आमाला काय फरक परतंय? आगर काय ऐकाला येतंय? तुजी खोली जाईल, पोरी. रोज खारी पार करून शिकशील? कवरे दिवस?"

"जमेल तेवढे."

"माज्यासाटी बोल."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्या घटकेपर्यंत मला माझा हट्ट हलका वाटत होता; आता त्याला वजन आलं. ज्याच्यासाठी मी तोंड बंद ठेवलं होतं तोच ते उघडायला सांगत होता. खाली अंगणात मुली बॅडमिंटन खेळत होत्या आणि फुलाचा टप-टप आवाज येत होता. मी म्हणाले, "तुमच्यासाठीच नाही बोलत, बाबा." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. काही क्षण रागानं त्यांचा जबडा हलत राहिला. मग ते माझ्या खोलीत गेले, ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरू लागले. होडीत ते माझ्याकडे पाठ करून बसले. घरी आल्यावर आत्यानं ट्रंक पाहिली आणि माझ्या अंगावर ओरडली, "शिकून शानी झाली नि परत आलीस चिखलान! एक शब्द गिलला असता त पोट फुटलं असतं तुजं?" आणि मग तिनं माझ्यासाठी गरम भाकरी टाकली. ती रागात होती म्हणून भाकरी एका बाजूनं करपली. मी तीही खाल्ली.

लोक मला अजून विचारतात, वाईट नाही वाटलं? वाटलं. भयंकर वाटलं. मी बाईंवर प्रेम करत होते. पण ज्या भाषेनं मला उंबऱ्याबाहेर आणलं, तिच्यात माझ्या बापाच्या पायाखालची जमीन अयोग्य ठरवून मी पुढे कुठल्या तोंडानं कविता वाचणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, होडी मधल्या धारेत उभी. तिच्यापर्यंत पोचायला किनाऱ्यापासून गुडघाभर चिखलातून चालत जावं लागलं. पुस्तकं डोक्यावर, साडी खोचलेली. बाबा आगराच्या बांधावर उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, पण मी होडीत चढेपर्यंत ते तिथून हललेही नाहीत. पलीकडच्या किनाऱ्यावर पुन्हा तोच चिखल. मग रस्ता, मग कॉलेजचं फाटक, मग फरशीचा लांब व्हरांडा. घंटा होऊन गेली होती. पहिला तास बाईंचा.

मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी हजेरी संपवून पुस्तक उघडलं होतं. सगळ्या माना वळल्या. माझ्या पोटऱ्यांपर्यंत खाडी लागलेली होती, आणि व्हरांड्यात माझ्यामागे पावलांची काळी ओळ. पहिल्या बाकावरच्या मुलीनं आपली निऱ्यांची घडी सावरून घेतली.

बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाय धुऊन ये, सुमन."

"तास संपल्यावर धुईन, बाई," मी म्हणाले. "आत्ता गेले तर कविता चुकेल."

आणि मी आत जाऊन पहिल्या बाकावर, त्या मुलीच्या शेजारी बसले. बाईंनी पानावर बोट ठेवलं. पहिली ओळ म्हणायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. चिखल हळूहळू वाळत गेला, पायांची कातडी आवळू लागली, खाज सुटली. मी तास संपेपर्यंत पाय हलवले नाहीत.